नट बाहेरच्या बाजूला

“कुठल्या गाढवानं बसवलाय हा? पाना लावायला कुठं जागा ठेवायची की नाही माणसानं? सगळं मेलं गुळगुळीत!”

पुटपुट दाराच्या पलीकडून येत होती, अगदी कानाशी. मध्ये फक्त दीड इंचाची फळी. पलीकडे बाबा, अलीकडे संत्र्यांची पिशवी घेऊन उभी असलेली थोरली.

“बसवलाय मात्र झकास,” थोड्या वेळाने तोच आवाज म्हणाला, नाइलाजाने दाद दिल्यासारखा. “हलत नाही लेकाचा.”

थोरलीला हसू फुटलं. पन्नास वर्षं सुतारकी केलेला माणूस. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून बघायचे, आणि यजमानांचं तोंड त्या खुर्चीपेक्षा जास्त उलटं व्हायचं. आज काय सापडलं म्हाताऱ्याला, म्हणून तिने दार ओढायला हात पुढे केला आणि हात तिथेच राहिला.

दाराला बाहेरून कडी होती. जाड, लोखंडी, गोदामाला लावतात तसली. आणि ती लावलेली होती.

पहिल्यांदा तिला वाटलं, चुकून लागली असेल. धाकटी बहीण, जिच्याकडे बाबा राहत, गच्चीवर कपडे वाळत घालत होती; वरून ओले कपडे झटकल्याचे फटके ऐकू येत होते. घाईत लावली असेल. पण कडी चुकून लागते, चुकून बसत नाही. ही नीट मापं घेऊन बसवलेली होती. कडीच्या पट्टीवर चार नट, चौकटीवरच्या कोयंड्याच्या पट्टीवर चार नट. आठ. आणि ते आठही थोरलीच्या ओळखीचे होते. तिच्याच दुकानातले होते.

थोरलीचं हार्डवेअरचं दुकान. नवरा गेल्यापासून ती चालवते असं लोक म्हणतात. खरं तर आधीही तीच चालवायची, पाटीवर नाव त्याचं होतं एवढंच. शाळा सातवीत सुटली, पण खिळे, स्क्रू, बिजागऱ्या यांत तिला हरवणारं गिऱ्हाईक अजून जन्मायचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी धाकटीचा फोन आला होता. “ताई, आठ कॅरेज बोल्ट पाठव ना. चार दोन इंची, चार पाच इंची. मागच्या दाराला कडी बसवायचीय.”

थोरलीला हा बोल्ट विशेष लाडका. बाबा त्याला टकल्या म्हणायचे. वरून गोल गरगरीत डोकं, त्याला ना खाच, ना कोन. बहिणीला बोल्टातलं काही विचारायची वेळ आली याचाच तिला एवढा आनंद झाला होता की गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून तिने फोनवर शिकवणी घेतली. “नीट ऐक गं. डोकं बाहेरच्या अंगाला, नट आतल्या अंगाला. ज्याला दार उघडू द्यायचं नाही त्याच्याकडे टकलं. तो बसेल चोळत, त्याच्या हाताला काही लागायचं नाही. उलटं बसवलंस तर चोराला नट हातात दिल्यासारखं होईल.”

“हो,” धाकटी म्हणाली होती, जरा थांबून. “बाबांनीही तसंच सांगितलं.”

“सांगणारच. मला कुणी शिकवलं मग?”

आता नट थोरलीच्या पुढ्यात होते. म्हणजे डोकी आत. म्हणजे ज्याला उघडू द्यायचं नाही तो आत.

तिने कडी सरकवली. कडी लोण्यासारखी सरकली.

बाबा दाराशीच गुडघ्यावर बसले होते. हातात चहाचा चमचा. दाराच्या आतल्या अंगाला चार गोल डोकी चकाकत होती आणि प्रत्येकाभोवती लाकडावर ओरखडे होते. एकदोन नव्हेत; चमच्याच्या दांड्याने कोरलेली चंद्रकोरीची नक्षीच म्हणा. काही जुने, मळलेले. काही आजचे, पांढरे. हे रोजचं होतं.

“या बाई,” बाबा उठत म्हणाले. शर्टाची बटणं एक घर चुकली होती. “बरं झालं तुम्हीच आलात. मालकीणबाई ना तुम्ही?”

“बाबा, मी थोरली.”

“असेल हो, असेल,” ते समजूतदारपणे म्हणाले. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही ही त्यांची जन्माची रीत. “हे दार बघा. सोडवायला बोलावलंत मला, पण हे काही हत्याराशिवाय सुटायचं काम नव्हे. आणि माझी पेटी कुणी नेलीय कळत नाही.”

पेटी थोरलीच्या दुकानात होती. दोन महिन्यांपूर्वी धाकटीने ती रिक्षात घालून पाठवली होती, जागा नाही म्हणून. रंधा, लाकूड तासायच्या धारदार पटाश्या, गिरमिट, सगळी. थोरली तेव्हा आठ दिवस फुगून बसली होती. बापाची हत्यारं अडगळ वाटतात का हिला?

ती वाकून त्या डोक्यांकडे बघू लागली. बाबांना ती ऐकायची तयारीच वाटली असावी.

“या टकलाला फसू नका,” ते बोट ठेवून म्हणाले. “खरी गंमत याच्या मानेत. मान चौकोनी असते, आता लाकडात गेलीय म्हणून दिसत नाही. भोक बोल्टाच्या अंगाएवढंच पाडायचं, केसभर मोठं नाही. मग वर लाकडाचा ठोकळा धरायचा आणि हातोड्याचा एक दणका. चौकोनी मान लाकडात रुतते. मग पलीकडून नट कितीही आवळा, बोल्ट जागचा फिरत नाही. इकडून धरून ठेवायला दुसरा माणूस लागत नाही. एकट्यानं होणारं काम. डोक्याखाली कुणी शहाण्यानं वॉशर टाकला की कारभार संपला, मान रुतायचीच नाही, बोल्ट गरगर फिरत बसेल. वॉशर पलीकडे, नटाखाली. झोपाळ्याला हाच लावावा, बागेतल्या बाकाला, पोरांच्या घसरगुंडीला. अंगाला टोचत नाही, कपडा अडकत नाही.”

हे सगळं थोरलीने सहा वर्षांची असताना ऐकलं होतं, शब्दान् शब्द, भुशाच्या ढिगावर बसून. तेव्हाही तो हात असाच हवेत भोकं पाडायचा. एक अक्षर गळालं नव्हतं. फक्त समोर कोण बसलंय तेवढं गळालं होतं.

“कारागीर पक्का आहे,” बाबा म्हणाले. “मी असतो तर असाच बसवला असता. एकच कळत नाही मला, बाई. डोकी आत कशाला घेतली?” त्यांनी खोलीभर नजर फिरवली. पलंग, पाण्याचा तांब्या, खिडकीचे गज. मग आवाज बारीक करून विचारलं, “आत कोण ठेवलंय? चोर?”

थोरलीने संत्र्यांची पिशवी हळूच पलंगावर ठेवली.

जिन्यात पावलं वाजली. रिकामी बादली घेऊन धाकटी खाली आली, दार उघडं बघून जागीच थबकली. बहीण अडीच महिन्यांनी आलीय, तर “कधी आलीस” नाही, “बस” नाही. तिने पहिलं विचारलं ते हे:

“तुला काय म्हणाले?”

“काय म्हणजे?”

“हाक काय मारली तुला?”

“बाई म्हणाले.”

धाकटीने बादली खाली ठेवली. “बाबा, पडा जरा,” ती गोड आवाजात म्हणाली, त्यांच्या हातातला चमचा सोडवला, त्यांना पलंगावर बसवलं, थोरलीला दंडाला धरून बाहेर ओढलं, दार लोटलं आणि कडी घातली. थोरलीच्या डोळ्यांदेखत. रोज गॅस बंद करावा तशी.

“अगं ए!” थोरलीचा आवाज चिरकला. “डोकं फिरलंय का तुझं? बाप आहे तो! म्हैस आहे का गोठ्यातली?”

“हळू बोल.”

“का हळू बोलू? शेजाऱ्यांना कळेल म्हणून? कळू दे! मी मेली तिकडं दुकानात बसून फोनवर डोकं बाहेर, नट आत शिकवतेय, आणि तू माझ्याच हातानं...”

धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि भेंडी चिरायला बसली. हे तिचं लहानपणापासूनचं. घरात वादळ उठलं की ही काहीतरी निवडायला, चिरायला बसणार. भेंडीची चकती चकतीसारखी पडत होती. डाव्या हाताची बाही मात्र ती दर दोन चकत्यांनी मनगटापर्यंत ओढून घेत होती, उन्हाळ्याच्या दिवसांत.

“हाताला काय झालं?”

“डब्याचा पत्रा लागला. जुनं आहे.”

तेवढ्यात मास्तर आले. धाकटीचा नवरा, शाळेत गणित शिकवतो, मधल्या सुट्टीत जेवायला घरी येतो. त्याने थोरलीला पाहिलं, मग बायकोला, मग बंद कडीला, आणि गणित सुटायचं नाही हे ओळखून चष्मा पुसायला घेतला.

“ताई, तुम्ही असं एकदम...”

“एकदम आले म्हणून दिसलं! मास्तर, मुलांना बाकावर उभं करणारे तुम्ही. सासऱ्याला कोंडून ठेवताना लाज नाही वाटली?”

“त्यांचा हल्ली जरा गोंधळ होतो, ताई.”

“गोंधळ कुणाचा होत नाही? माझा रोज होतो. सव्वा इंची मागितला की दीड इंची देते. मला कोंडता का?”

“तसा नाही हो. म्हणजे... गोंधळच. पण जरा जास्त.”

“वय झालंय,” धाकटी चाकूकडे बघत म्हणाली.

“झोप कमी आहे त्यांची,” मास्तर म्हणाले.

“हवा बदलली की होतं तसं.”

दोघं एकमेकांना वाक्यं पुरवत होती, आणि कुठलंच वाक्य कशावरच टेकत नव्हतं. थोरलीला आठवलं, फोनवर तीही हेच म्हणायची. बाबांनी एका फोनमध्ये तिला तीनदा विचारलं होतं, दुकान उघडलंस का. तिने तीनदा हो म्हटलं होतं आणि मनाशी म्हणाली होती, वय झालं. ते आठवलं तशी ती आणखीच चिडली.

“मी घेऊन जाते त्यांना,” ती म्हणाली. “आज. आत्ता. दुकानामागची खोली आहे माझी. कडी नाही तिला.”

“ताई, नको. ऐक.”

“ऐकलं खूप. आणि आधी ते बोल्ट काढते. माझे आहेत, माझे मी परत नेते.”

तिच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण पाना असे. तो घेऊन ती दाराशी गेली. आतून काही आवाज येत नव्हता. तिने पाना पहिल्या नटावर चढवला आणि जोर लावायच्या आधी सवयीने बोल्टाच्या टोकावर अंगठा फिरवला.

टोक बोचलं नाही.

ती थांबली. बोल्ट नटाबाहेर दोन आटे डोकावतो; तिथली धार कुणी बघत नाही, कुणी म्हणजे कुणी नाही. कापून सोडून देतात, मग येताजाता कुणाची तरी साडी फाटते. इथे टोक कानसीने घासून वाटाण्यासारखं गोल केलेलं होतं. तिने दुसऱ्यावर अंगठा फिरवला. तेही गोल. आठही गोल. आठही नटांखाली वॉशर, आणि आठही नट असे थांबवलेले की प्रत्येकाचा एक कोन नेमका आभाळाकडे. जगात असा एकच माणूस होता. लहानपणी तिने त्याला विचारलं होतं, नटाचा कोन वर कशाला हवा, कोण बघणार? तो म्हणाला होता, मी बघणार.

गोदामाची कडी लोण्यासारखी का सरकली ते आता तिला कळलं. तिला तेल घातलं होतं. तिला उघडणाऱ्याच्या हाताची काळजी घेऊन बसवलं होतं.

“हे कुणी बसवले?” ती म्हणाली. आवाज तिचा तिला ओळखू आला नाही.

स्वयंपाकघरातली भेंडी थांबली.

“मास्तर, तुम्हाला तर साधा खिळा ठोकता येत नाही. कुणी बसवले?”

“मी शेजारून ड्रिल आणून दिलं,” मास्तर जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाले. “आणि फळी धरून उभा राहिलो. आधी मी स्क्रूची कडी लावली होती. दार बाहेर उघडतं ना. त्यांनी आतून दोन खांदे मारले, स्क्रू उपटून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगले होते. तुटकी कडी बघितली, मला म्हणाले, हे काय पोरखेळ लावलेत? याला आरपार बोल्ट हवेत. आणि साधे बोल्ट लावलेत तर तो आतून पान्यानं काढेल.”

“तो कोण?”

मास्तरांनी चष्मा पुन्हा काढला. “तेच मीही विचारलं.”

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. “त्यांनीच ठरवून दिलंय, ताई. मला म्हणाले, मी तुला बाई म्हणालो की कडी घाल. धाकटे म्हणालो की काढ. मध्ये काहीही बोललो, रडलो, शिव्या दिल्या, तरी काढू नकोस. आणि थोरलीला सांगू नकोस.” तिने डोळे पुसले, उलट्या हाताने, आणि बाही पुन्हा खाली ओढली. “रोज नाही होत. कधी तासभर. कधी आठ दिवस काहीच नाही. मी तो चमचाही रोज लपवते. त्यांना रोज दुसरा सापडतो.”

थोरलीच्या डोळ्यांपुढे दाराची आतली बाजू आली. चार गुळगुळीत डोकी आणि भोवतीच्या चंद्रकोरी. चांगल्या दिवशीच्या सुताराने वाईट दिवशीच्या सुतारासाठी काम केलं होतं, आणि त्याची एकही पळवाट सोडली नव्हती. त्याच्या सगळ्या युक्त्या त्याला माहीत होत्या, म्हणून. पाना तिच्या हातात तसाच होता. नटावरून काढावा की आवळावा हे हाताला कळत नव्हतं.

“तरी मी नेते त्यांना,” ती हट्टाने म्हणाली. पण आता त्यात जोर नव्हता. “माझ्याकडे राहतील. मी नाही घाबरत. अशी काय मोठी गोष्ट आहे? जरा गोंधळ होतो म्हणून...”

“धाकटे,” दारापलीकडून आवाज आला. स्वच्छ, झोपून उठलेला, घरातला. “काढ गं कडी. चहा टाक. कोण आलंय? थोरलीचा आवाज वाटला.”

धाकटी धावत आली. कडी सरकली. बाबा दारात उभे होते. शर्टाची बटणं त्यांनी नीट लावून घेतली होती. त्यांनी थोरलीकडे पाहिलं आणि ओळखीचं हसू ओठांपर्यंत आलंही. मग त्यांची नजर तिच्या हातातल्या पान्यावर गेली, तिथून नटावर, तिथून दाराच्या आतल्या अंगावरच्या ताज्या, पांढऱ्या ओरखड्यांवर. ते त्यांनी बोटाने चाचपले. मोजावेत तसे.

“आज पण?” त्यांनी धाकटीला विचारलं. तिने मान हलवली.

“थोरले, पाना खाली ठेव.”

“बाबा, तुम्ही माझ्याकडे चला.”

“तुझ्याकडे माझी पेटी आहे,” ते म्हणाले. “मी येणार नाही.”

“पेटी मी कुलपात ठेवते, बाबा. तुमचा जरा गोंधळ होतो, त्यात काय एवढं? वयाप्रमाणे...”

त्यांनी हात वर केला तशी ती गप्प झाली. मग ते धाकटीकडे वळले, तिचा डावा हात धरला आणि बाही हळूच वर सारली. ती ओढून घ्यायला लागली, पण सुताराची पकड अजून सुताराचीच होती. मनगटापासून वर चार बोटं, गुलाबी, चकचकीत वण. सरळ रेघेत.

“ही मला म्हणते, डब्याचा पत्रा लागला. मास्तरही म्हणतात, पत्रा. मला स्वतःला काही म्हणजे काही आठवत नाही,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कामावरचा होता, माप सांगतानाचा. “पण पत्रा वेडावाकडा फाडतो, थोरले. हे बघ. सुरुवात पाऊण इंच रुंद, मग एका दाबात निमुळतं होत गेलंय. पाऊण इंची पटाशी आहे ही. धार मी लावलेली. माझं काम मला ओळखू येणार नाही होय?”

मास्तरांनी तोंड फिरवलं. धाकटी रडत होती, आवाज न करता. थोरलीच्या हातातून पाना फरशीवर पडला आणि कुणी दचकलंसुद्धा नाही.

“गोंधळ म्हणू नका रे त्याला,” बाबा म्हणाले. “मला वेड लागतंय. धाकटीवर मी पटाशी चालवलीय, आणि दार उघडं राहिलं तर परत चालवीन.”